एक्केचाळीस नंबरचं पोतं

दोरीवालीनं दोर हातात धरणं सोडून दोन वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं. रोपवाटिकेत नव्यानं आलेल्या पोरींना वाटायचं, ही कधीकाळी दोऱ्या वळून विकत असणार. जुन्या लोकांना खरं माहीत होतं, आणि तिला हाक मारताना त्यांचा आवाज जरासा खाली यायचा. तो खाली आलेला आवाज तिला शिवीपेक्षा जास्त लागायचा.

खरं ते असं. तिचा नवरा रानातल्या पाइनच्या झाडांवर चढून बियांचे शंकू काढायचा आणि ही खाली उभी राहून त्याचा दोर सांभाळायची. धंद्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत. वरच्या भक्कम फांदीवरून टाकलेल्या दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला असतं आणि दुसरं बुंध्याला. बुंध्याची गाठ खालच्या माणसानं मारायची, असा नियम. एका दुपारी उस्ताद पडला, त्याच्या खुब्याचं हाड मोडलं आणि बुंध्याची गाठ सुटलेली सापडली. गाठ कुणाची, हे कुणी विचारायच्या आत तिनंच सांगून टाकलं. उस्तादनं मात्र तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या. तिलाही ते पटायचं, आणि पटायचं म्हणूनच ती आतून जळत राहायची.

तेव्हापासून तिच्या हातांना चैन नव्हती. घराला कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर जायची आणि कुलूप ओढून बघायची. गॅसचं बटण रात्री झोपताना बघायची आणि झोपल्यावर उठून बघायची. कचऱ्याची पिशवी अशी आवळायची, की खालच्या मजल्यावरचा टायरवाला म्हणायचा, यांच्या कचऱ्यात सोनंनाणं असणार. उस्तादला आता वाकता येत नव्हतं, म्हणून त्याच्या बुटाच्या नाड्याही तीच बांधायची, एकावर एक तीन गाठी मारून. संध्याकाळी त्या सोडवताना तिची नखं तुटायची.

"अगं, बूट आहे तो, होडी नाही," उस्ताद म्हणायचा.

ती हसायची नाही. गुडघ्यावर बसून चौथी गाठ मारावी की काय, याचा विचार करत असायची.

दोर सुटला तशी ती रोपवाटिकेत लागली. तण काढायचं, पाणी द्यायचं, रोपं पिशव्यांत भरायची. या कामात कुणाचा जीव आपल्या हातात नसतो, म्हणून तिनं ते पत्करलं होतं. पण जीव लावायची खोड जाते कुठे? एका वाफ्यावर तिचा फार जीव होता. त्या वाफ्याच्या कडेला पत्र्याचा बिल्ला होता, एक्केचाळीस नंबरचा. एक झाड, एक पोतं, एक बिल्ला अशी पद्धत असते. ज्या झाडाचे शंकू, त्या झाडाचा नंबर पोत्याला, आणि तोच पुढे वाफ्याला. उस्ताद पडला त्या दिवशी त्याचा दोर एक्केचाळीस नंबरच्या झाडावर होता. त्याच्या शेजारी अर्धवट भरलेलं पोतं पडलं होतं, आणि स्ट्रेचर यायच्या आधी त्या पोत्याला तिनंच बिल्ला बांधला होता. उस्तादनं काढलेलं ते शेवटचं पोतं. तोही रोज संध्याकाळी न चुकता विचारायचा, एक्केचाळीसचा वाफा कसा आहे? तिला वाटायचं, शेवटचं म्हणून माया असणार.

त्या बुधवारी सकाळी मॅडमनी तिला वाफ्यावर बोलावलं. मॅडम म्हणजे रोपवाटिकेच्या प्रमुख. बोलणं तिखट, पण मनात काही ठेवणारी बाई नव्हे. त्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या होत्या आणि हातात एक उपटलेलं रोप होतं. दोरीवालीनं आधी वाफ्यातली त्याची रिकामी जागा शोधली.

मॅडमनी रोपाची एक जुडी तोडून तिच्या तळहातावर ठेवली. पाइन ओळखायची पहिली पायरी म्हणजे सुया मोजणं. या झाडाला पानं म्हणून ज्या सुया येतात, त्या एकेकट्या येत नाहीत, जुडीनं येतात, आणि जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ वेष्टण असतं. एका जुडीत किती सुया, ते जातीवर ठरतं. पहिल्या वर्षी मात्र रोपं जुड्या धरत नाहीत, त्यामुळे सगळीच सारखी दिसतात. यंदा दुसरं वर्ष होतं, आणि एक्केचाळीसच्या वाफ्यानं जुड्या धरल्या होत्या.

तिनं वेष्टण नखानं सोललं. सुया तीन निघाल्या. दुसरी जुडी सोलली, तीन. तिसरी सोलली, तरी तीनच.

एक्केचाळीस नंबरचं झाड दोन सुयांचं होतं. त्या डोंगराच्या अंगावरचे सगळेच पाइन दोन सुयांचे होते. तीन सुयांचा तिकडे होतच नाही, असं मॅडम स्वतः कित्येक वेळा म्हणाल्या होत्या. दरड कोसळलेल्या उतारावर लावायला ही रोपं शनिवारी ट्रकमध्ये चढायची होती. आई माहीत नसलेलं रोप मॅडम रानात जाऊ देत नसत. उद्या मेलं, किडलं किंवा माजलं तर कुणाला धरायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल असे.

"शनिवारच्या आत झाड दाखव," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर वाफा उपटायचा. बिल्ला तूच बांधला होतास ना?"

तिनं मान डोलावली. मॅडमनी आवाज चढवला नव्हता, पण आजूबाजूच्या पोरींचे हात थांबले होते. म्हणजे गाठही माझी चुकली आणि बिल्लाही, तिला वाटलं. त्या दिवशी या हातांनी धड असं काही केलंच नाही. हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग दिवसभर तिला एका जागी उभं राहवेना. एका वाफ्याला तिनं दोनदा पाणी दिलं आणि दुसरा कोरडाच ठेवला. दुपारी डबा उघडून तसाच बंद केला.

घर टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं आणि टेबलापाशी उस्ताद. रोपवाटिकेतून आलेल्या बियांचे पंख चोळून काढायचे आणि पोकळ बी वेगळं करायचं, असं बसून करायचं काम त्याला मिळालं होतं. खिडकीतून डोंगर दिसायचा. इतर वेळी पाइनचा विषय निघाला की उस्तादचं तोंड बंद करणं मुश्कील व्हायचं. साधा ओंडका दिसला तरी तो नाकाला लावायचा, नखानं खरवडायचा आणि समोरच्याला जांभई येईपर्यंत त्याची कुळकथा सांगायचा. तिनं डब्यातून आणलेलं रोप त्याच्यापुढे ठेवलं आणि मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. मनातून तिला वाटत होतं, हा आता उजळेल, चष्मा लावेल आणि तासभर पिडेल.

उस्तादनं रोपाला हातही लावला नाही.

"दोन सुयांचं झाड कधीमधी तीन देतं," तो म्हणाला. "टाक उपटून. एका वाफ्यासाठी काय रान तुडवायचं?"

आणि तो पुन्हा बिया चोळायला लागला. त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं. दोन सुयांच्या झाडावर अधूनमधून तीनची जुडी सापडते, तिनं स्वतः पाहिली होती. पण अधूनमधून म्हणजे शंभरात एखादी, अख्खा वाफा नव्हे, आणि हे तिच्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी उगाच इकडची तिकडे केली आणि परत दारात आली. उस्तादच्या बोटांखालच्या बिया केव्हाच चोळून झाल्या होत्या. तो नुसतीच बोटं चोळत होता. उद्या धाकट्याबरोबर वर जाऊन बघते, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं आधी तिच्या पायांची काळजी केली, मग पावसाची शंका काढली, मग धाकट्याला वेळ कुठून असणार असं म्हणाला. दोन वर्षांत आज पहिल्यांदाच त्यानं वाफा कसा आहे, हे विचारलं नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

धाकटा म्हणजे तिचा दीर. उस्तादच्या जागी आता तोच झाडांवर चढायचा. सकाळी तो जुनी पिकअप घेऊन आला आणि वाटभर बडबडला: गाडीच्या क्लचबद्दल, बायकोनं पडद्यांना निवडलेल्या रंगाबद्दल, आपल्या वजनाबद्दल. वजन वाढलं की झाडं लहान झाल्यासारखी वाटतात, वहिनी, असंही म्हणाला. ती ऐकत नव्हती. ती सीटच्या पट्ट्याचं बक्कल दाबून बघत होती, पुन्हा पुन्हा.

रस्ता संपला तिथून चढ सुरू झाला. पायांखाली वाळक्या सुयांचा जाड थर होता, तेलकट आणि निसरडा. त्या दिवशी आधीच्या झाडाचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन ती याच वाटेनं गाडीपर्यंत उतरली होती. परत येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्यानंतर ती इकडे फिरकली नव्हती.

एक्केचाळीस नंबरचं झाड होतं तिथंच होतं. बुंध्यावरचा पांढऱ्या रंगातला आकडा पुसट झाला होता. जिथं तिनं गाठ मारली होती त्या जागेकडे बघायचं नाही, असं ठरवूनही तिनं आधी तिथंच पाहिलं. मग धाकट्यानं लांब काठीच्या आकडीनं एक फांदी खाली ओढली आणि ती मोजायला बसली.

खाली पडलेल्या सुया मोजायच्या नसतात, वाऱ्यानं कुणाच्याही येतात. झाडाच्या अंगावरच्या मोजायच्या, तेही एका फांदीवरच्या नाही. तिनं तीन बाजूंच्या फांद्या ओढायला लावल्या आणि जुड्या सोलत सुटली. दोन, दोन, दोन. एके ठिकाणी तीन निघाल्या, पण पुढे परत दोनच. सुया आखूड, बोटाएवढ्या. एक शंकू तोडून तिनं मुठीत आवळला, तर खवल्यांचे काटे तळव्याला टोचले. हे झाड दोन सुयांचंच होतं, त्यात तिळमात्र शंका नव्हती. वाफ्यातली रोपं या झाडाची नव्हती.

म्हणजे बिल्ला चुकला होता. ती उठली, दोन पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. धाकटा म्हणाला, वहिनी, बसा जरा, पाणी प्या. तिनं बाटली घेतली आणि न पिताच झाकण लावलं. आणि झाकण लावता लावता तिला पायाजवळ एक शंकू दिसला.

जुना होता, उमललेला, मातीनं मळलेला. एक्केचाळीसच्या शंकूंपेक्षा थोरला. तिनं सवयीनं मुठीत घेऊन दाबला. टोचला नाही. खवल्यांचे काटे आत वळलेले होते. तिनं तो धाकट्याच्या हातात दिला आणि चढाकडे पाहिलं. शंकू गोल असतो, उतारावर घरंगळतो. खाली सापडला म्हणजे झाड वर असणार.

वर जायला धाकटा कुरकुरला. थोड्या अंतरावर झाडांच्या बुंध्यांना पिवळे पट्टे मारलेले होते. त्या पट्ट्यांच्या पलीकडे चढायची परवानगी त्यांच्या टोळीला नव्हती आणि तेव्हाही नव्हती. नुसतं बघायला परवानगी लागत नाही, असं म्हणून ती निघालीसुद्धा. पुढे दुसरा शंकू सापडला, मग दोन, मग चार. मोठ्या खडकाला वळसा घालून ती वर आली तेव्हा शंकू पायाखाली चुरडायला लागले होते.

झाड एकटंच होतं. सालीचे रुंद, तांबूस पापुद्रे एकमेकांत बसवल्यासारखे. तिनं सालीच्या भेगेला नाक लावलं. साखर भांड्यात जरा करपावी तसा वास आला. एक्केचाळीसला नुसता राळेचा वास होता. खाली आलेल्या फांदीवरच्या सुया वीतभर लांब होत्या आणि हातात धरल्या तर लवत होत्या. तिनं जुडी सोलली. तीन. तिनं झाडाभोवती फिरत, टाचा उंचावत, धाकट्याकडून फांद्या ओढून घेत सोलता येतील तेवढ्या जुड्या सोलल्या. सगळ्या तीनच. जे झाड इकडे होतच नाही, ते समोर उभं होतं, आणि चांगलं जुनं होतं.

"वहिनी," धाकटा म्हणाला. तो वर बघत होता.

दोन पुरुष उंचीवर एक फांदी बुंध्यापासून हातभर अंतरावर मोडलेली होती. मोड जुना होता, त्यावर राळ ओघळून सुकली होती. आणि तिच्या वरच्या फांदीला एक लोखंडी आकडी लटकत होती, शंकू ओढून घ्यायची, आखूड दांड्याची. दांड्याला लोकरीची पट्टी गुंडाळलेली. लाल होती ती एके काळी, आता उडून फिक्कट झाली होती. ती पट्टी तिच्याच जुन्या स्वेटरची होती. थंडीत लोखंड हाताला लागू नये म्हणून तिनंच ती उस्तादच्या आकडीला गुंडाळली होती. त्या दिवशीच्या धावपळीत आकडी कुठंतरी हरवली, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तिनं आकडीकडे पाहिलं, मोडलेल्या फांदीकडे पाहिलं आणि मग खाली, खडकाच्या पलीकडे, एक्केचाळीसच्या शेंड्याकडे. उस्ताद तिला सापडला तो एक्केचाळीसच्या बुंध्याशी नव्हता. बुंध्याच्या वरच्या अंगाला, चढावर पडलेला होता. झाडावरून पडलेला माणूस डोंगरात वरच्या बाजूला कसा जाऊन पडेल? दोन वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तिला तर नाहीच. तिला सुटलेल्या गाठीपुढे दुसरं काही दिसलंच नव्हतं. तो इथं पडला होता, आणि त्या निसरड्या सुयांवरून घसरत खाली गेला होता.

"तो दोर," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीच काढलात ना, भाऊजी?"

धाकट्यानं डोकं खाजवलं. काढला कुठला, म्हणाला. वर फांद्यांच्या दुबेळक्यात असा अडकून बसला होता, की ओढून ओढून हात सोलले, शेवटी चढून कापावा लागला. हे बोलून तो थांबला. अडकून बसलेला दोर खालची गाठ सुटली तरी माणसाला पडू देत नाही, हे त्याला आता, बोलल्यावर कळलं. 

 आधी तिला इतकं हलकं वाटलं, की झाडाला धरावं लागलं. माझी गाठ नव्हती. माझ्या गाठीवर तो नव्हताच. मग त्या हलकेपणाच्या मागोमाग राग आला, तळपायापासून मस्तकापर्यंत. रोज सकाळी त्याच्या पायाशी बसून नाड्या बांधताना ती मनातल्या मनात माफी मागत आली होती, आणि तो वरून तिचा भांग बघत बसला होता. धाकट्यानं लांब काठीनं आकडी ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर तिनं सीटचा पट्टा लावला की नाही, हेही तिला आठवलं नाही.

जिना ती धडाधड चढली. उस्ताद टेबलापाशीच होता. तिनं बियांच्या ताटाशेजारी आधी तीन सुयांची डहाळी ठेवली आणि मग तिच्यावर आकडी. उस्ताद लोकरीच्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"गाठ मीच सोडली होती," तो म्हणाला.

मग जे बाहेर पडलं ते तुकड्यातुकड्यांनी. त्यानं ते झाड आधीच हेरलं होतं. डोंगराच्या या अंगाला तीन सुयांचा पाइन आहे, असं तो मॅडमना म्हणाला होता आणि सगळ्यांदेखत मॅडम हसल्या होत्या. ते हसू त्याला सलत होतं. शंकूंचं पोतंच नेऊन समोर ओतायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. ती आधीच्या झाडाचं पोतं घेऊन खाली गेली, तशी त्यानं गाठ सोडली, दोर वर न्यायला. दोर दुबेळक्यात अडकला, निघेना. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून तसाच गेला, बिनदोराचा. उतरताना फांदी मोडली. पोतं कवटाळून घसरत खाली येईपर्यंत त्याला शुद्ध होती. ती आली तेव्हाही होती.

"मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, माझी गाठ सुटली," उस्ताद म्हणाला. "मी फक्त काही बोललो नाही."

"दोन वर्षं?"

"पहिल्या दिवशी बोलायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब लोक आले. पट्ट्याच्या पलीकडे, बिनदोराचा चढलो म्हटल्यावर धाकट्याचीही परवानगी गेली असती. मग तू दोर सोडलास. मग लोक मला चांगला नवरा म्हणायला लागले. मग कुठल्या तोंडानं सांगू?" त्यानं डहाळी उचलली, जुडीवरून बोट फिरवलं आणि ठेवून दिली. "वाटायचं, रोपं जुड्या धरतील तेव्हा आपोआप होईल काय व्हायचं ते. म्हणून रोज विचारायचो."

म्हणजे वाफ्याची माया नव्हतीच. उस्ताद दोन वर्षं या खिडकीत बसून आपलं खोटं उगवायची वाट बघत होता. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा आणखी राग आला. तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली. तिच्यात जुना दोर होता, दोन वर्षं न उलगडलेला. टेबलाच्या पायाला तिनं तो घातला आणि गाठ मारली.  बोटांना सगळं ठाऊक होतं. दुसरं टोक तिनं उस्तादच्या हातात दिलं.

"ओढा."

"अगं..."

"ओढा म्हणते ना."

त्यानं ओढला. टेबल कुरकुरलं. जोरात, ती म्हणाली. त्यानं दोन्ही हातांनी ओढला, चेहरा दुखण्यानं वाकडा झाला, टेबल फरशीवर घासत हातभर पुढे आलं, ताटातल्या बिया सांडल्या. गाठ जशीच्या तशी होती. ती बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. उस्तादनं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. सांडलेल्या बियाही तिनं गोळा केल्या नाहीत. फरशीवर पसरलेल्या बिया तशाच ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

 झोपायच्या आधी तिनं एवढंच सांगितलं, की झाड मॅडमना ती दाखवेल, पण झाड कसं सापडलं ते त्यानं सांगायचं, स्वतःच्या तोंडानं, रोपवाटिकेत, सगळ्या पोरींदेखत. जिथं आवाज खाली करून लोक तिला हाक मारतात तिथंच. धाकट्याच्या परवानगीचं काय, उस्ताद म्हणाला. मॅडमना जे करायचं ते करू देत, ती म्हणाली, भाऊजी तेव्हा दुसऱ्या डोंगरावर होते, दोर काढायला नंतर आले. आणि उद्यापासून मी दोर धरणार आहे, हेही तिनं त्याच्याकडे पाठ करून सांगितलं.

सकाळी उस्ताद स्वतःहून लवकर उठला. दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची ओढून त्यावर बसला, काठी मांडीवर आडवी घेतली आणि पाय पुढे केले. ती क्षणभर तशीच उभी राहिली. त्याला वाकता येत नव्हतं, हे तर खोटं नव्हतं. ती खाली बसली आणि नाड्या हातात घेतल्या.

तिनं एकेका बुटाला एकच गाठ मारली आणि उठली.

उस्ताद बुटांकडे बघत होता. दोन वर्षांच्या सवयीनं तो पुढच्या गाठींची वाट बघत होता.

"एकच?" त्यानं विचारलं.

"सुटायची नाही," ती म्हणाली, दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या पुढे जिना उतरायला लागली.